बाबा जिथे थांबायचे

थोरली बसस्थानकात घोषणा करायची. कुठली बस कुठल्या फलाटाला लागली, कुठली उशिरा येतेय, कुणाचं मूल चौकशीच्या खिडकीपाशी रडत उभं आहे, हे सगळं अर्ध्या जिन्यावरच्या काचेच्या खोलीतून माइकवर सांगायचं, हे तिचं काम. घरात ती थोरली आणि तिच्या पाठची ती धाकटी, अशी नावं लहानपणीच पडली होती. आगारात मात्र तिला सगळे 'भोंगाबाई' म्हणायचे. अर्थात पाठीमागे. तोंडावर म्हणायची कुणाची छाती नव्हती.

आवाज खणखणीत, शब्द स्वच्छ. तरी एक गोष्ट रोज घडायची. ती बटण दाबायची, सावकाश दोनदा सांगायची की किनाऱ्याकडे जाणारी बस फलाट चारवर उभी आहे, आणि बटण सोडते न सोडते तोच काचेवर टकटक.

"बाई, किनाऱ्याची बस कुठे लागलीय?"

"आत्ताच सांगितलं ना! दोनदा सांगितलं."

"हो का? आम्ही नाही ऐकलं."

हे 'नाही ऐकलं' कानावर पडलं की थोरलीच्या तळपायाची आग मस्तकात जायची. ऐकलं नाही म्हणजे काय? भोंगे सगळीकडे आहेत, मुतारीतसुद्धा आहेत. ऐकलं नाही असं नसतंच कधी. ऐकून सोडून दिलं, असं म्हणा. निदान खरं तरी बोला.

आठवड्यातून एकदा ती प्रार्थनाघरात वाचायला उभी राहायची. तिथे वर्षभर जुन्या हिब्रू संदेष्ट्यांची वचनं क्रमाने वाचली जायची, आणि ती वाचण्याचा मान तिच्या घराकडे होता. हे संदेष्टे म्हणजे देवाने राजांकडे, बाजारात, शहराच्या वेशीत धाडलेली माणसं. जाऊन सांगायचं, की तुम्ही ऐकलं नाहीत, करार मोडलात, दुबळ्यांना तुडवलंत, आता निवाडा येतोय. लोक त्यांना हसायचे, हाकलायचे. एकाला तर चिखलाने भरलेल्या टाक्यात सोडून दिलं होतं. थोरलीला ही मंडळी सख्ख्या नात्यातली वाटायची. त्यांचा वैताग तिला आतून कळायचा. ती 'धिक्कार असो' म्हणाली की पुढच्या बाकावरची माणसं नकळत पाय आखडून घ्यायची.

हे वाचन तिला बाबांनी शिकवलं. बाबा छापखान्यात जुळारी होते, शिशाचा एकेक टाइप उचलून ओळ जुळवायचे, त्यामुळे चुकलेली वेलांटी त्यांना दातात अडकलेल्या तुसासारखी टोचायची. स्वयंपाकघरातल्या टेबलाशी दोन्ही मुलींना बसवून ते मोठ्याने वाचायला लावायचे. थोरली मान खाली घालून वाचायची. धाकटीला मध्येच हसू फुटायचं, नाहीतर खिडकीबाहेर कुणीतरी दिसायचं.

प्रार्थनाघरात वाचताना बाबांची एक पद्धत होती. निवाडा जिथे संपतो तिथे ते थांबायचे. पुष्कळदा त्या लिखाणात पुढे आवाज बदलतो. एवढं रागावून झाल्यावर देव एकदम मऊ होतो, परत या म्हणतो, जखमा बांधीन म्हणतो. बाबा तिथवर जातच नसत. पोथी मिटून खाली उतरायचे.

"पुढचं का नाही वाचत, बाबा?" थोरलीने लहानपणी एकदा विचारलं होतं.

"पोराला कडू औषध देऊन लगेच साखर दिली, तर ते औषध थुंकतं आणि साखर खातं," बाबा म्हणाले. "लोकांना जरा कडू तोंडाने घरी जाऊ दे."

बाबांचा आवाज बसल्यावर थोरली वाचू लागली. तीही तिथेच थांबायची. पुढच्या ओळी तिला पाठ होत्या, पण तिचं मत बाबांसारखंच होतं. किंबहुना त्या ओळींचा तिला जरा रागच होता. एवढा आरडाओरडा करायचा आणि शेवटी जवळ घ्यायचं, तर मग लोक ऐकतील कशाला?

धाकटीने जे केलं ते सगळ्या नात्यागोत्याला ठाऊक होतं. फिरत्या नाटक कंपनीत दिवे लावणाऱ्या एका माणसाशी तिचं जमलं. बाबांनी साफ नाही म्हटलं. कंपनी गाव सोडणार त्या सकाळी धाकटीने बाबांना इस्पितळात तपासणीला न्यायचं ठरलेलं होतं. तिने त्यांना नेलं, ओसरीतल्या बाकावर बसवलं, "आलेच" म्हणाली, आणि गेली. बाबा तिथे दुपार उलटेपर्यंत बसून राहिले. त्यांचा नंबर येऊन गेला, तरी उठले नाहीत. धाकटी येईल आणि चुकामूक होईल, म्हणून. थोरली कामावरून सुटून तिथे पोचली तेव्हा ते टोपी मांडीवर घेऊन दाराकडे बघत होते.

घरी आल्यावर बाबा एवढंच बोलले. "तिचं नाव या घरात निघता कामा नये. देव बघून घेईल. दारात आली तर दार उघडायचं नाही. मी असेन तरी, नसेन तरी."

पुढच्याच हिवाळ्यात बाबा गेले. थोरलीने निरोप धाडला होता, पण मातीला धाकटी आली नाही. निदान थोरलीला तरी ती दिसली नाही. तिने तेही खात्यावर मांडलं आणि निवाड्याची वाट बघायला लागली.

निवाडा काही येईना. बातम्या आणायला एक आत्या होती. आत्या यायची, पदराने मान पुसायची आणि सांगायची, "धाकटीने म्हणे दिव्यांचं दुकान काढलं." पुढच्या खेपेला, "धाकटीचं दुकान म्हणे मोठं झालं." त्याच्या पुढच्या खेपेला, "धाकटी म्हणे जाड झालीय."

"आजारी आहे का?" थोरलीने जरा आशेनेच विचारलं.

"छे गं. सुखाची जाड."

थोरलीने चहाचा कप असा आपटला की बशीला तडा गेला. उशिरा येणारी बस तिला माहीत होती. इंजिन बिघडतं, घाटात दगड येतो, पण शेवटी येतेच. हा निवाडा नेमका कुठल्या वळणावर अडकून पडला होता? तिने एकदा प्रार्थनाघराच्या पाळकांना विचारलंही, "न्यायाला उशीर का हो होतो?" पाळक म्हातारे, जाड भिंगांचा चष्मा, हातात कायम निवत चाललेला चहा. ते म्हणाले, "कुणाच्या न्यायाला? दुसऱ्याच्या असेल तर उशीरच वाटतो." यावर ती महिनाभर त्यांच्याशी कामापुरतंच बोलली.

मग तिचा आवाज बिघडू लागला. आधी सकाळी घोगरा यायचा, नंतर दिवसभर. मधूनच आवाज फाटायचा आणि गावाचं अर्धं नाव हवेत विरून जायचं. आता लोक काचेवर टकटक करायचे तेव्हा त्यांचं थोडं खरंही असायचं, आणि म्हणूनच ती दुप्पट चिडायची. तिचा नवरा आगारातूनच निवृत्त झालेला बसचालक, मितभाषी माणूस. तो म्हणाला, "डॉक्टरला दाखव."

"धुळीने होतंय."

"महिनोन् महिने धूळच?"

"तुम्ही बटाटे सोला."

तो बटाटे सोलू लागला. पुढच्या आठवड्यात पुन्हा म्हणाला, डॉक्टरला दाखव. तिने पुन्हा सोडून दिलं.

असंच एका दुपारी किनाऱ्याच्या बसची घोषणा करताना आवाज तिसऱ्या शब्दालाच चिरकला. तिने पाणी पिऊन पुन्हा सांगितली. बटण सोडलं आणि काचेवर टकटक.

"आत्ताच सांगितलं ना!" ती वळली.

काचेपलीकडे एक गोल चेहऱ्याची बाई उभी होती. खांद्याला मोठी कापडी पिशवी, तिच्यातून वायरची वेटोळी डोकावत होती.

"ताई," बाई म्हणाली, "तुझ्या आवाजाला काय झालं?"

इतक्या वर्षांनी धाकटी समोर आली तेव्हा काय बोलायचं, हे थोरलीने मनात शंभरदा घोकलं होतं. संदेष्ट्यांच्या तोडीचं काहीतरी होतं ते. ऐनवेळी तोंडातून निघालं ते असं, "प्रवाशांना वर यायला मनाई आहे. पाटी वाचता येत नाही?"

"वाचली. तू आजारी आहेस का?"

"तू कशी काय उगवलीस इथे?"

"मी नेहमीच जाते इथून. माल आणायला. गाडी इथे थांबते तेवढा वेळ बसमध्ये बसून तुझं ऐकते. आज आवाज असा फाटका आला, मग उतरले."

नेहमीच जाते! म्हणजे आपण वर बसून गळा फाडत होतो आणि ही खाली खिडकीशी बसून ऐकत होती. सगळ्या दुनियेत एक माणूस आपली घोषणा नीट ऐकणारं निघालं, तेही हे! थोरलीने खिडकीचा पडदा ओढला, बटण दाबलं आणि किनाऱ्याची बस सुटत असल्याची घोषणा आणखी एकदा केली, विनाकारण, 'प्रवाशांनी त्वरित बसमध्ये बसावे' यावर जोर देऊन. पडद्याच्या फटीतून बघितलं, तर धाकटी खाली बाकावर बसून शेंगदाणे खात होती. बस निघून गेली. बाई जागची हलली नाही. पहिल्यापासून हे असंच.

संध्याकाळी धाकटी घराच्या दारात हजर. थोरलीने आतून कडी लावलेली.

"ताई, उघड गं."

"बाबांचा शब्द आहे."

"माहितीये मला. आत्याने सांगितलं होतं."

"मग?"

"मग काय? दवाखान्यात चल उद्या, एवढं सांगायला आले. दारातूनच सांगते हवं तर."

"मी कुठेही येणार नाही. आणि तू माफी मागायला आली असशील तर..."

"लग्नाची नाही मागणार," दारापलीकडून धाकटी म्हणाली. "ते बरोबरच केलं मी. बाबांना बाकावर बसवून गेले, त्याची मागायची आहे. पण ती तुझ्याकडे कशी मागू? बसले होते ते."

हे उत्तर थोरलीला अजिबात आवडलं नाही. पश्चात्ताप करायचा तर पुरता करावा, असा मधूनच कापून काय करायचा? थोड्या वेळाने पायऱ्या उतरल्याचा आवाज आला. नवऱ्याने खुंटीवरचं जाकीट काढलं, कपाटातली घोंगडी काखोटीला मारली.

"कुठे निघालात?"

"स्थानकासमोरच्या धर्मशाळेत उतरलीय ती. तिथल्या घोंगड्या कुबट असतात."

"तुम्हाला कसं माहीत तिथे उतरलीय ते?"

"मागच्या वेळीही तिथेच उतरली होती."

"मागच्या वेळी म्हणजे?"

नवरा दाराच्या कडीवर हात ठेवून थांबला. "बाबांच्या मातीला आली होती ती, आदल्या रात्रीच. लांब भिंतीशी उभी होती. तुझा चेहरा बघितला आणि परत फिरली. माझीच गाडी होती त्या दुपारी. माझ्या मागच्या सीटवर बसून गेली, किनाऱ्यापर्यंत रडत होती."

थोरली खुर्चीत बसली. "आणि हे तुम्ही मला आज सांगताय?"

"नाव काढायचं नव्हतं ना घरात," तो म्हणाला. आणि घोंगडी घेऊन गेला.

तिला इतका संताप आला की कुणावर करावा हेच कळेना. नवऱ्यावर करावा, तर त्याने आज्ञा पाळली होती. धाकटीवर करावा, तर ज्या गुन्ह्याची नोंद ती मनात सगळ्यांत वर ठेवून बसली होती तो घडलाच नव्हता. बाबांवर करायची सवय नव्हती. शेवटी ती उठली आणि स्वच्छ असलेला ओटा पुन्हा घासून काढला.

वाचनाचा दिवस आला. त्या आठवड्याचा भाग होता ज्याची बायको त्याला सोडून गेली होती, त्या संदेष्ट्याचा. घरचंच दुःख असल्यामुळे असेल, त्याच्या तोंडून देव बोलतो तो एखाद्या बापासारखा बोलतो. लेकराला हाताला धरून चालायला शिकवलं, वाकून भरवलं, आणि जितकी हाक मारावी तितकं ते लांब पळालं, अशी तक्रार. मग निवाडा. परक्या राजाची सत्ता येईल, तलवार त्यांच्या शहरांतून फिरेल, ओरडून उपयोग होणार नाही. थोरलीचा हा आवडता भाग. ती उभी राहिली तेव्हा शेवटच्या बाकावर धाकटी दिसली, शेजारी नवरा. तिने दोघांकडे बघून न बघितल्यासारखं केलं आणि सुरुवात केली.

लेकराला चालायला शिकवण्यापर्यंत आवाज कसाबसा टिकला. परक्या राजापाशी तो खरखरला. तलवारीपाशी पोचली तेव्हा तोंड उघडलं आणि आवाजच निघाला नाही. फक्त हवा. तिने पाण्याचा घोट घेतला, पुन्हा तोंड उघडलं. पुन्हा हवा. प्रार्थनाघरात चिडीचूप. पुढच्या बाकावरची माणसं वर बघत राहिली, आणि तिच्या मनात आलं, की आता ऐकण्यासारखं काही नाही, तर बघा कसे कान टवकारून बसलेत!

पाळक उठू लागले, पण त्यांच्या आधी धाकटी तरातरा पुढे आली. आली ती थेट बहिणीच्या शेजारी उभी राहिली, पोथीत डोकावली आणि म्हणाली, "कुठपर्यंत आलीस?" थोरलीने रागाने ओळीवर बोट ठेवलं.

धाकटी वाचायला लागली. वाचन कसलं, दुकानात गिऱ्हाइकाला होल्डर आणि वायरचे भाव सांगावेत तसं ती भराभरा सांगत सुटली. स्वल्पविराम गिळले. एक जोडाक्षर असं फोडलं की बाबा असते तर उठून गेले असते. थोरलीने तिच्या कोपराला चिमटा काढला. धाकटी "काय?" म्हणाली, सगळ्यांना ऐकू जाईल असं, आणि तशीच पुढे गेली. तलवार फिरली, निवाडा संपला. थोरली पोथी मिटायला हात पुढे करणार, तर धाकटी थांबेचना. बाबा कुठे थांबायचे हे तिला ठाऊकच नव्हतं. त्या वेळी ती खिडकीबाहेर बघत असायची.

तर ती वाचत गेली. देव एकाएकी मध्येच अडखळतो, तुला टाकून तरी कसं देऊ म्हणतो, आतल्या आत काळीज उलटतंय म्हणतो, आणि मी काही माणूस नाही, रागाच्या भरात नाश करायला, असं स्वतःलाच बजावतो. धाकटी तेही होल्डरच्या भावासारखंच वाचत होती. पण दोन ओळींनंतर तिचा वेग कमी झाला. मग ती एकदम थांबली, नाक ओढलं, "झालं," म्हणाली, आणि खाली उतरली.

लोक गेल्यावर थोरली पाळकांच्या खोलीत जाऊन बसली. आवाज कुजबुजीएवढाच उरला होता, पण त्याच्यावरही तिने भांडण काढलं.

"शेवटी हेच करायचं होतं, तर आधी एवढं ओरडायचं कशाला?"

"कुणी?"

"देवाने!"

पाळकांनी चहात बोट बुडवून बघितलं. थंड होता. "मूळ हिब्रूत 'वळणं' आणि 'परत येणं' याला एकच..."

"मला व्याकरण नको."

"बरं. निवाडा झाला नाही असं कुठे लिहिलंय? झाला. त्यांचं राज्य बुडालं, माणसं बांधून परमुलखात नेली. त्याने दिलेला शब्द खोटा नव्हता. पण चिडला तरी तो निघून गेला नाही, एवढंच त्या पुढच्या ओळी सांगतात. तुम्ही नवऱ्यावर चिडता ना?"

"रोज."

"मग त्याचं जेवण फेकून देता?"

"फेकते कशाला? झाकून ठेवते." ती जरा थांबली. "आदळआपट करून झाकून ठेवते."

"हां," पाळक म्हणाले.

"हां काय? म्हणजे बाबा चुकले?"

"तुमचे बाबा दुखावले होते. त्यांनी त्या ओळी वाचल्या असत्या, तर त्यांना दार उघडायला लागलं असतं. प्रत्येकाला झेपतंच असं नाही." त्यांनी चष्मा काढून पुसला. "पण आज्ञा त्यांनी तुम्हाला दिलीय. मी त्यात पडत नाही. मोडायची तर तुमच्या जबाबदारीवर मोडा."

हे बरं आहे! सल्ला द्यायचा आणि वर नामानिराळं राहायचं. ती तरातरा घरी आली. नवरा आणि धाकटी पायरीवर बसले होते, कारण किल्ली तिच्याकडे होती. तिने कुलूप काढलं, दार लोटलं, उंबऱ्याच्या आत जाऊन वळली.

"ऐक," ती कुजबुजली. धाकटी पुढे वाकली. "बाबांनी सांगितलं होतं ते मी मोडतेय. कळून सवरून मोडतेय. त्याचा जो निवाडा व्हायचा तो माझ्यावर होऊ दे. आणि तुला मी क्षमा वगैरे केलेली नाही, समजलं?"

"समजलं."

"मग उभी काय राहिलीस? माश्या येतायत आत."

जेवताना धाकटीच बोलली. "शिक्षा झाली नाही मला, असं वाटतं ना तुला? ताई, त्या दिवसापासून इस्पितळाचं फाटक मला ओलांडता येत नाही. आमच्या ह्यांचं अपेंडिक्स काढलं, तेव्हा मी रस्त्यावर उभी होते. शेजारीण आत बसली. मला तो बाक दिसतो. टोपी मांडीवर घेतलेले बाबा मी बघितले नव्हते, आत्याने सांगितलं. तरी दिसतात."

इतकी वर्षं थोरली ज्याची वाट बघत होती ते हे होतं. ते केव्हाच येऊन पोचलं होतं, आणि त्याचा तिला कणभरही आनंद झाला नाही. ती ताटाकडे बघत राहिली. मग वाटीभर वरण धाकटीच्या पानात न विचारता ओतलं.

सकाळी तिघं इस्पितळात गेली. फाटकापाशी धाकटीचे पाय खरोखरच थबकले. "भावोजी, तुम्ही जा हिच्याबरोबर. मी इथेच थांबते."

थोरलीला बोलता आलं असतं तर तिने पुष्कळ सुनावलं असतं. डॉक्टरला दाखव म्हणून इतक्या लांबून दारात येऊन बसायचं आणि आता फाटकाशी बैलासारखं अडायचं! पण आवाज नव्हता. तिने बहिणीचं मनगट धरलं, लहानपणी शाळेत न्यायला धरायची तसं, घट्ट, आणि ओढत आत नेलं. ओसरीत बाक होते. तिने धाकटीला एकावर बसवलं, शेजारी स्वतः बसली, आणि नंबर येईपर्यंत मनगट सोडलं नाही. नाव पुकारलं गेलं ते दोघींनीही ऐकलं नाही. नवऱ्याने येऊन सांगितलं.

डॉक्टरने घशात आरसा घालून बघितलं. स्वरतंतूंवर गाठी होत्या, पण साध्या. ओरडून ओरडून होतात तशा. उपाय एकच, बोलायचं नाही. कुजबुजायचंसुद्धा नाही, कुजबुजण्याने उलट जास्त ताण पडतो. निदान महिनाभर, नंतर बघू.

"महिनाभर?" थोरलीने घोगऱ्या आवाजात विचारलं.

"हा तुमचा शेवटचा शब्द," डॉक्टर म्हणाला.

तो महिना थोरलीने कसा काढला ते तिचं तिलाच ठाऊक. आगाराने चौकशीच्या खिडकीवरच्या कारकुनाला माइकवर बसवलं. तो सगळी गावं नाकातून म्हणायचा. घरापर्यंत ऐकू यायचं, आणि ती उशीत तोंड खुपसायची. धाकटी दुकान नवऱ्यावर सोपवून राहिली आणि दोघींच्या वाटचं एकटीच बोलत राहिली. वरण पातळ करायची, भांडी भलत्याच फडताळात ठेवायची. थोरली टाळ्या वाजवून, कपाळावर हात मारून, चमच्याने टेबल बडवून आक्षेप नोंदवायची. धाकटी म्हणायची, "काय ते नीट बोल ना!" आणि हसत सुटायची. प्रार्थनाघरातही तीच वाचायची, गिळलेल्या स्वल्पविरामांसकट, संपेपर्यंत. थोरली पहिल्या बाकावर बसून दर चुकीला डोळे मिटायची. पुढच्या ओळी सुरू झाल्या की मात्र ती डोळे उघडे ठेवायची, आणि कपाळावरची आठी तशीच ठेवून ऐकायची.

महिना संपत आला तसा धाकटीचा नवरा तिला न्यायला आला. ज्याच्यापायी हे सगळं घडलं तो माणूस थोरलीने कधी पाहिलाच नव्हता. तिने मनात कुणीतरी उंच, कुरळ्या केसांचा, डोळ्यांत चमक असलेला भामटा रंगवून ठेवला होता. दारात उभा होता तो एक बुटका, टक्कल पडलेला गृहस्थ, हातात मिठाईचा पुडा, शर्टाच्या खिशाला टेस्टर. त्याने वाकून नमस्कार केला, आत येऊन बसला, छताकडे बघितलं आणि म्हणाला, "ताई, तुमची वायरिंग जुनी आहे." मग पाऊण तास तो वायरिंगवर बोलला. जुने स्विच, नवे स्विच, अर्थिंग कसं द्यावं. थोरलीचा नवरा मान हलवत ऐकत होता. इतका रस त्याने तिच्या बोलण्यात कधी घेतला नव्हता.

थोरलीने धाकटीकडे बघितलं. भुवया उंचावल्या, त्या टकलाकडे बोट केलं, दोन्ही हात पसरले. ह्याच्यासाठी?

"हो, ह्याच्यासाठीच," धाकटी म्हणाली. "आणि अजून फ्यूजवर यायचाय तो."

थोरलीने कपाळावर हात मारला. मग उठली, त्याच्या पुढ्यातला रिकामा कप जरा जोरातच उचलला आणि त्याला आणखी चहा ठेवायला आत गेली.